डॅनी मॅकग्रेन : कवटी, शुगर, घोटा आणि तरीही सेल्टिकचा कप्तान

खडीवाट

मागच्या आठवड्यात राइट बॅकांवरच्या (म्हणजे उजव्या कडेच्या बचावपटूंवरच्या) धाग्यात काफू, कार्लोस अल्बर्टो, लाम, दानी आल्वेस अशी सगळी नावं आली. मी स्कॉटलंडचा डॅनी मॅकग्रेन म्हटल्यावर तिघांनी विचारलं, हा कोण? तिथे चार ओळींत उत्तर देणं त्याच्यावर अन्याय झाला असता, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 1974 ते 1977 या काळात उजव्या बाजूला त्याच्यापेक्षा पूर्ण बचावपटू जगात क्वचितच कोणी असेल. आणि तो आज विस्मरणात गेलाय याचं मोठं कारण म्हणजे 1978 चा विश्वचषक त्याच्या हातून निसटला.

जन्म 1 मे 1950, ग्लासगोच्या फिनिस्टन भागातला. वाढला ड्रमचॅपलमध्ये. ग्लासगोचे सेल्टिक आणि रेंजर्स हे दोन क्लब एकमेकांचे कट्टर वैरी; सेल्टिक कॅथलिकांचा, रेंजर्स प्रॉटेस्टंटांचा मानला जायचा. लहानपणी हा मुलगा रेंजर्सचा चाहता होता. असं सांगतात की रेंजर्सच्या माणसाला त्याचा खेळ आवडला होता, पण 'डॅनियल फर्गस मॅकग्रेन' हे नाव ऐकून पोरगं कॅथलिक असणार असं त्याने गृहीत धरलं आणि विषय सोडून दिला. मॅकग्रेन प्रॉटेस्टंट होता. सेल्टिकने त्याला 1967 मध्ये घेतलं. हे तेच वर्ष, ज्यात सेल्टिकने लिस्बनमध्ये इंटर मिलानला हरवून युरोपियन कप जिंकला आणि त्या संघातला प्रत्येक खेळाडू सेल्टिक पार्कपासून तीस मैलांच्या आतला होता.

म्हणजे पोरगं आलं ते थेट युरोपच्या विजेत्यांच्या मागच्या रांगेत. राखीव संघात त्याच्यासोबत केनी डॅलग्लिश, लू मकारी आणि डेव्हिड हे (Hay) होते. या पोरांच्या टोळीला 'क्वालिटी स्ट्रीट गँग' म्हणायचे. मॅकग्रेन मुळात मधल्या फळीचा. मॅनेजर जॉक स्टीनने त्याला मागे आणून फुलबॅक (कडेचा बचावपटू) केला, आणि मधल्या फळीतले पाय आयुष्यभर त्याच्या कामी आले. चेंडू हिसकावला की उगीच लांब भिरकावून द्यायचा नाही, मान वर करून पास शोधायचा.

ऑगस्ट 1970 मध्ये डंडी युनायटेडविरुद्ध पहिल्या संघातून पदार्पण झालं. जम बसतोय न बसतोय तोच मार्च 1972 मध्ये फॉल्कर्कच्या मैदानावर डोक्याला डोकं आदळलं आणि कवटीला फ्रॅक्चर. एप्रिलमध्ये सेल्टिक युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत इंटरकडून पेनल्टींवर हरलं, तेव्हा हा घरी. कवटी फुटलेल्या डिफेंडरने पुन्हा हेडर मारायला उडी घ्यायची म्हणजे काय, याचा विचार करा. पुढच्या मोसमात तो परतला, कायमचा संघात बसला, आणि मे 1973 मध्ये वेल्सविरुद्ध स्कॉटलंडकडूनही खेळला.

1974 चा विश्वचषक, पश्चिम जर्मनी. उजवीकडे रेंजर्सचा सँडी जार्डिन होता, म्हणून मॅकग्रेनला डावीकडे खेळवलं. उजव्या पायाच्या माणसाला चुकीच्या बाजूला उभा केला आणि त्याने तिन्ही सामने तिथेच काढले. झाईर 2-0, ब्राझील 0-0, युगोस्लाव्हिया 1-1. त्या अख्ख्या स्पर्धेत एकही सामना न हरलेला संघ एकच होता, स्कॉटलंड. पश्चिम जर्मनी पूर्व जर्मनीकडून हरली, हॉलंड अंतिम सामन्यात. तरी गोलफरकावर स्कॉटलंड पहिल्याच फेरीत बाहेर, कारण युगोस्लाव्हियाने झाईरला नऊ गोल मारले होते आणि ब्राझीलने तीन.

घरी आल्यावर वजन उतरायला लागलं, तहान भागेना. निदान झालं मधुमेहाचं. वय 24. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन.

आणि यानंतर त्याचा सगळ्यात चांगला काळ सुरू होतो! 1977 मध्ये सेल्टिकने लीग आणि स्कॉटिश कप दोन्ही जिंकले, फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. जूनमध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला 2-1 हरवलं तेव्हा उजवीकडे तोच. ऑगस्टमध्ये डॅलग्लिश लिव्हरपूलला गेला आणि कप्तानाची पट्टी मॅकग्रेनच्या दंडावर आली.

पुढे दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर 1977 मध्ये, हिब्सविरुद्ध घोटा दुखावला. सुरुवातीला कुणालाच ते फार वाटलं नाही. पण घोटा बरा होईना, आणि तो वर्षभराहून जास्त काळ बाहेर राहिला. त्या मोसमात सेल्टिक लीगमध्ये पाचवं आलं. स्कॉटलंड अर्जेंटिनाला गेलं ते त्याच्याशिवाय, आणि पहिल्याच सामन्यात पेरूच्या विंगरांनी (कडेने धावणाऱ्या आक्रमकांनी) स्कॉटलंडच्या दोन्ही कडा पिंजून काढल्या. 1-3. मॅकग्रेन असता तर? हा प्रश्न स्कॉटलंडमध्ये त्या पिढीची माणसं विचारत आली आहेत, आणि माझ्या मते तो रास्त आहे.

यानंतर पंधरा-वीस ओळींचीच कारकीर्द उरली असती तर कुणी दोष दिला नसता. उरली ती तब्बल दहा वर्षांची. ती प्रतिसादांत लिहितो, आधी तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकू द्या.

---

तांबडारस्सा

जबरदस्त! मी कोल्हापूरचा, त्यामुळे रेंजर्सचा चाहता सेल्टिकचा कप्तान झाला हे वाचून पहिल्यांदा तिथेच थांबलो. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पीटीएम (पाटाकडील तालीम) आणि दिलबहार या तालीम संघांचा सामना असला की घराघरात कोण कुठल्या तालमीचा हे ठरलेलं असतं. पण तिथे धर्माची भानगड होती ना? मग प्रॉटेस्टंट मुलाला सेल्टिकमध्ये कसं घेतलं?

---

खडीवाट

@तांबडारस्सा, चांगला प्रश्न. सेल्टिकची स्थापना आयरिश कॅथलिक वस्तीतल्या गरिबांना मदत करायला झाली आणि क्लबची ओळख तीच राहिली, पण खेळाडू घेताना त्यांनी धर्माची अट ठेवली नाही. स्वतः जॉक स्टीन प्रॉटेस्टंट होता, सेल्टिकचा पहिला प्रॉटेस्टंट मॅनेजर. डॅलग्लिशही प्रॉटेस्टंट आणि लहानपणी रेंजर्सवालाच. उलट रेंजर्समध्ये कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही असा अलिखित दंडक होता, तो खऱ्या अर्थाने मोडला 1989 मध्ये, मॅनेजर ग्रॅम सूनेसने मो जॉन्स्टनला घेतलं तेव्हा.

म्हणजे रेंजर्सने त्या दंडकापायी किती कॅथलिक खेळाडू गमावले ते सोडा, मॅकग्रेनच्या बाबतीतली गोष्ट खरी असेल तर नुसत्या नावावरून त्यांनी आपल्याच माणसाला गमावलं. मला हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

---

सोनसाखळी

धागा वाचून राहवलं नाही, खास लॉगिन केलं. मला टाइप वन मधुमेह आहे, कॉलेजात खो-खो खेळताना निदान झालं. मधुमेहाबद्दल तुम्ही दोन ओळी लिहून पुढे गेलात, पण माझ्यासारखीला गोष्ट तिथेच आहे.

1974 मध्ये घरी बोटाला टोचून शुगर बघायचं यंत्र रुग्णांच्या हातात नव्हतं. लघवी तपासायची, रंग बघायचा. निळा म्हणजे ठीक, हिरवा-पिवळा-विटकरी होत गेला म्हणजे वाढलेली. पण तो रंग काही तासांपूर्वीचं सांगतो, आत्ताचं नाही. आणि शुगर कमी झाली असेल तर तो काहीच सांगत नाही, निळा तो निळाच. म्हणजे मैदानात उतरताना आपण कुठे आहोत हे या माणसाला कळायला मार्गच नव्हता. इन्सुलिनही डुकराच्या नाहीतर गाईच्या स्वादुपिंडातून काढलेलं, आजच्यासारखं जेवणापुरतं पटकन काम करून ओसरणारं नाही.

आता खेळाचं सांगते. शुगर उतरायला लागली की घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते. आणि नव्वद मिनिटं विंगवर वरखाली धावणाऱ्या माणसाला काय होतं? घाम येतो, छाती धडधडते. दोन्ही सारखंच. मला अजून कधी कधी कळत नाही की मी दमलेय की लो होतेय. शिवाय मांडीत इंजेक्शन घेऊन त्याच पायाने धावलं तर इन्सुलिन भराभर रक्तात जातं. हे सगळं अनुभवातून शिकावं लागतं, आणि सामन्याचा परिणाम त्या संध्याकाळी संपत नाही, रात्री झोपेत शुगर घसरते.

मला आमच्या प्रशिक्षकांनी निदान झाल्यावर संघातून काढलं, 'जबाबदारी नको' म्हणून. मी वर्षभराने दुसरीकडे परत खेळले. स्टीनने 1974 मध्ये मॅकग्रेनला काढलं नाही, याचं मोल मला विचारा.

---

खडीवाट

@सोनसाखळी ताई, मूळ लेखात हेच हवं होतं. लघवीच्या तपासणीत 'लो' दिसतच नाही हे वाचून 1974 ते 1977 या तीन वर्षांकडे मी वेगळ्या नजरेने बघतोय. तुम्ही परत खेळलात याचा फार आनंद झाला.

---

वैद्यबुवा_नाशिक

सोनसाखळी यांनी लिहिलेलं अचूक आहे. एक भर घालतो. इन्सुलिनच्या शोधासाठी 1923 चं नोबेल बँटिंगबरोबर ज्याला मिळालं तो जॉन मॅक्लिऑड स्कॉटिशच. शोध लागला कॅनडात, टोरोंटोच्या त्याच्या प्रयोगशाळेत, पण तो शिकला ॲबरडीनला आणि पुढे तिथेच प्राध्यापक म्हणून परतला. पन्नास वर्षांनी त्याच्याच देशातला एक डिफेंडर त्या औषधावर विश्वचषकापर्यंत खेळत राहिला.

नंतरच्या खेळाडूंत टॉटनमचा कप्तान गॅरी मॅबट होता, हाही डिफेंडर. रेआल माद्रिदकडून खेळलेल्या नाचोला बाराव्या वर्षी निदान झालं तेव्हा फुटबॉल सोड असं एका डॉक्टरने सांगितलं होतं. आपल्या वाचकांना माहीत असलेलं नाव म्हणजे वसीम अक्रम, 1997 मध्ये निदान आणि त्यानंतरही वेगवान गोलंदाजी. पण या सगळ्यांच्या आधी मॅकग्रेन होता, आणि त्याच्याकडे साधनं सर्वांत कमी होती.

---

मैदानातला

माणूस म्हणून मोठा, वादच नाही. पण 'जगात सर्वोत्तम' जरा जास्त होतंय. त्याच काळात जर्मनीचा बर्टी फोग्ट्स होता, विश्वविजेता, 1974 च्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या क्रॉयफवर सोडलेला माणूस. मॅकग्रेनच्या नावावर एकही युरोपियन किताब नाही. देशाकडून 62 सामने. शिवाय 1982 चं काय? न्यूझीलंडविरुद्ध 3-0 पुढे असताना त्याचा आणि गोलकीपर ॲलन रफचा घोळ झाला आणि समनरने गोल केला. 5-2 जिंकले, पण पुढे पुन्हा गोलफरकावरच बाहेर पडले. तो गोल मोजायला नको?

---

खडीवाट

@मैदानातला, मोजायला हवा. त्या स्पर्धेत तो कप्तान म्हणून गेला होता, स्टीनच मॅनेजर होता. न्यूझीलंडनंतर ब्राझीलविरुद्ध त्याला बसवलं, पट्टी सूनेसकडे गेली, आणि सोव्हिएत संघाविरुद्ध तो शेवटी बदली म्हणून आला. तोच त्याचा 62 वा आणि देशाकडून शेवटचा सामना. 32 वर्षांचा होता. ती चूक त्याची होती हे मी लपवत नाही.

पण 62 या आकड्याकडे बघताना घोट्यात गेलेला काळही धरा. आणि फोग्ट्सशी तुलना करायची तर खेळ बघा. फोग्ट्स माणूस धरणारा, समोरच्याच्या सावलीसारखा फिरणारा. मॅकग्रेन विंगरला बाहेरच्या रेषेकडे रेटत न्यायचा, शेवटपर्यंत पायांवर उभा राहायचा आणि चेंडू पायापासून वीतभर सुटला की तेवढ्यात काढून घ्यायचा. घसरून टॅकल क्वचित, कारण उभा राहिलेला माणूस चेंडू मिळताच पुढे धावू शकतो. मग तो सरळ विंगवरून वर. आज राइट बॅकने पुढे जाऊन क्रॉस टाकणं गृहीत धरलं जातं. तेव्हा दोन्ही कामं एवढ्या दर्जाने करणारे फार थोडे होते. माझं मत त्या खेळावर आहे, कपाटातल्या किताबांवर नाही.

आणि कपाट रिकामंही नाही. सात लीग, पाच स्कॉटिश कप, दोन लीग कप.

---

मैदानातला

पटलं निम्मं. सत्तरच्या दशकातल्या सर्वोत्तम पाचांत धरतो. त्यापुढे नाही.

---

क्लाइडकाठी

गेली काही वर्षं ग्लासगोत राहतो, म्हणून थोडं इथलं. ड्रमचॅपल म्हणजे शहराच्या वायव्य टोकाची वसाहत. पन्नाशीच्या दशकात जुन्या चाळवजा टेनेमेंटमधल्या कुटुंबांना तिथे नवी घरं देऊन हलवलं. घरात नळ, बाथरूम आलं, पण दुकानं, करमणूक काही नाही. पोरांना करायला उरलं फुटबॉल.

इथल्या म्हाताऱ्या सेल्टिकवाल्यांकडे मॅकग्रेनचा विषय काढला की पहिल्यांदा 21 मे 1979 निघतो. खडीवाट, तो सामना लिहायचा राहिलाय!

---

खडीवाट

@क्लाइडकाठी, हो, तिकडेच येत होतो.

घोट्यानंतर तो 1979 च्या वसंतात परतला. मॅनेजर आता बिली मॅकनील, 1967 च्या लिस्बनमधल्या विजयाचा कप्तान. मोसमाचा सेल्टिकचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर रेंजर्सशी. सेल्टिक जिंकलं तरच लीग त्यांची. रेंजर्सने आधी गोल केला. दुसऱ्या हाफात सेल्टिकच्या जॉनी डॉयलला बाहेर काढलं. दहा माणसं, एक गोल मागे. मग रॉय एटकनने बरोबरी केली, मॅकक्लस्कीने 2-1 केलं, दोनच मिनिटांत रेंजर्सचं 2-2. शेवटच्या पाच-सहा मिनिटांत रेंजर्सच्या जॅक्सनचा स्वयंगोल, आणि अगदी अखेरच्या क्षणाला मर्डो मॅक्लाउडने लांबून मारलेला चौथा. 4-2.

टीव्हीच्या तंत्रज्ञांचा संप होता म्हणून त्या सामन्याचं टीव्ही चित्रण झालंच नाही. त्या रात्रीचा कप्तान मॅकग्रेन. दीड वर्षापूर्वी ज्याला पुन्हा खेळता येईल की नाही अशी शंका होती तो माणूस, दहा जणांना घेऊन.

पुढच्या वर्षी, 10 मे 1980, स्कॉटिश कपचा अंतिम सामना, पुन्हा रेंजर्स. जादा वेळेत मॅकग्रेनने बाहेरून फटका मारला, मॅकक्लस्कीने पाय लावून दिशा बदलली, 1-0. कारकिर्दीत सेल्टिककडून साडेसहाशेच्या आसपास सामने आणि गोल मात्र दहाही नाहीत. त्यामुळे हा फटका मला जवळचा वाटतो.

---

तांबडारस्सा

तो 1980 चा सामना म्हणजे नंतर मैदानात दंगल झाली तोच ना? घोडेस्वार पोलीस वगैरे?

---

क्लाइडकाठी

तोच. दोन्हीकडचे हजारो लोक हॅम्पडनच्या मैदानावर उतरले. त्यानंतर कायदा करून स्कॉटलंडच्या फुटबॉल मैदानांत दारूबंदी झाली.

---

सोनसाखळी

मधुमेह असून तो किती वयापर्यंत खेळला?

---

खडीवाट

@सोनसाखळी ताई, सेल्टिककडून 1987 पर्यंत, म्हणजे 37 व्या वर्षापर्यंत. 1985 मध्ये कप्तान म्हणून डंडी युनायटेडला 2-1 हरवून स्कॉटिश कप उचलला. आणि 3 मे 1986 ला सेंट मिरेनच्या लव्ह स्ट्रीट मैदानावर तो 36 वर्षांचा होता.

तो दिवस थोडक्यात. हार्ट्स लीगमध्ये 27 सामने हरलं नव्हतं, शेवटच्या दिवशी बरोबरी पुरे होती. सेल्टिकला मोठा विजय हवा होता आणि हार्ट्सचा पराभवही. सेल्टिकने सेंट मिरेनला 5-0 हरवलं. तिकडे डंडीमध्ये बदली आलेल्या अल्बर्ट किडने शेवटच्या सात-आठ मिनिटांत हार्ट्सला दोन गोल मारले. गोलफरकावर लीग सेल्टिकची. 1974 आणि 1982 मध्ये ज्या गोलफरकाने त्याला रडवलं, तो एकदा तरी त्याच्या बाजूने आला.

त्या पाचांपैकी तिसरा गोल बघाच. सेल्टिकच्याच बॉक्सजवळ उजव्या कोपऱ्यात, दबावाखाली, मॅकग्रेन चेंडू उधळून न लावता दोन स्पर्शांत खेळता ठेवतो. तिथून एकेका पासने चाल अख्खं मैदान ओलांडते आणि मो जॉन्स्टन गोल करतो. राखीव संघातला मधल्या फळीचा पोरगा तिथे दिसतो.

---

मैदानातला

हा गोल आत्ता बघितला. आधीचं 'निम्मं' मागे घेतो, पाऊण करा.

---

रानजाई

सेल्टिक सोडल्यावर?

---

खडीवाट

एक मोसम हॅमिल्टन क्लबला, तिथेही फर्स्ट डिव्हिजन (म्हणजे दुसऱ्या श्रेणीची लीग) जिंकून संघ वर गेला. 1992 ते 1994 आर्ब्रोथचा मॅनेजर. मॅकग्रेनची दाढी प्रसिद्ध, म्हणून आर्ब्रोथचे चाहते खोट्या दाढ्या लावून सामन्याला यायचे आणि स्वतःला त्याची 'बिअर्डेड आर्मी' म्हणवायचे. पुढे सेल्टिकमध्येच परतला आणि अनेक वर्षं तरुण पोरांना शिकवलं, पहिल्या संघासोबतही राहिला. 2002 मध्ये चाहत्यांनी सेल्टिकचा सार्वकालिक संघ निवडला त्यात राइट बॅक तोच. 2004 मध्ये स्कॉटिश फुटबॉलचं हॉल ऑफ फेम सुरू झालं, पहिल्याच तुकडीत त्याचं नाव होतं.

---

रानजाई

माझ्या मुलाला दोन महिन्यांपूर्वी टाइप वन निघालं. वय अकरा, फुटबॉल खेळतो. तेव्हापासून मी त्याला मैदानावर पाठवलेलं नाही. हा धागा त्याला वाचून दाखवला. सोनसाखळी, खेळायला पाठवताना मी काय बघू?

---

सोनसाखळी

रानजाई, पाठव गं त्याला. पण आधी त्याच्या डॉक्टरांशी नीट बोल, डोस आणि खाणं खेळाच्या दिवशी कसं बदलायचं ते त्यांनीच ठरवायचं. माझ्या सवयी सांगते : खेळाआधी, मध्यंतराला आणि नंतर शुगर बघायची. ग्लुकोज पावडर किंवा साखरेचं पाणी मैदानाच्या कडेला, दप्तराच्या तळाशी नाही. प्रशिक्षकांना आणि निदान एका मित्राला लो ची लक्षणं माहीत हवीत, कारण त्याला स्वतःला आधी कळेलच असं नाही. खेळलेल्या दिवशी झोपताना परत तपासायची, सुरुवातीला मध्यरात्रीही. बाकी व्यनि (खासगी निरोप) करते, फोनवर बोलू.

---

वैद्यबुवा_नाशिक

रानजाई, सोनसाखळी यांनी सांगितलेलं सगळं बरोबर. खेळाआधी शुगर फार वाढलेली असेल आणि लघवीत कीटोन असतील तर त्या दिवशी खेळ नको, एवढं लक्षात ठेवा. शाळेला डॉक्टरांचं पत्र द्या, त्यात खेळायला परवानगी आहे असं स्पष्ट लिहून घ्या.

---

रानजाई

दोघांचे मनापासून आभार. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. मुलगा विचारतोय, मॅकग्रेनचा कुठला सामना आधी बघू?

---

खडीवाट

1977 चा वेम्ब्लीचा, तो घोट्याच्या आधीचा आहे. मग लव्ह स्ट्रीट. आणि त्याला सांगा, चेंडूकडे बघू नकोस, चेंडू दुसऱ्या बाजूला असताना मॅकग्रेन कुठे उभा आहे ते बघ.